वादळ थांबलं, ऊन पडलं, मग आता बर्फात निघायचं का?

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून बॅचच्या बॅच उत्तराखंडातल्या सांक्री, लोहाजंगला, नाहीतर मनाली, गुलमर्गला निघतात, आणि मार्चपर्यंत कधीतरी एक जोरदार वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येऊन सगळ्यांना दोन-तीन दिवस तंबूत नाहीतर होमस्टेमध्ये कोंडून ठेवतो. मग एक दिवस सकाळी चेन उघडून डोकं बाहेर काढलं की निळंशार आकाश, मांडीएवढा ताजा बर्फ, समोर चकचकीत शिखर, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच, "क्लिअर झालंय, चला लवकर." हा लेख त्या एका सकाळसाठी आहे. कारण आकाश निवळलं म्हणजे डोंगर निवळला असं नसतं. हिमस्खलनाच्या हिशोबात वादळ चालू असतानाचे तास आणि ते थांबल्यावरचे पहिले 24 ते 48 तास सगळ्यात वाईट. वादळात माणूस आतच बसलेला असतो म्हणून वाचतो, ऊन पडल्यावर तो उठून स्वतःच उतारावर जातो.

आपली सवय सह्याद्रीची. घसाऱ्यावर पाय ठेवला की तो लगेच सरकायला लागतो, म्हणजे धोका पायालाच कळतो. बर्फाच्या उतारावर उलटं आहे, पहिले चार जण आरामात पार होतात, फोटो काढतात, आणि पाचव्याच्या वजनाने अख्खा उतार तुटतो. त्यामुळे "पुढचे गेले ना, मग आपण पण जाऊ" हे लॉजिक इथे चालत नाही.

एक आधीच सांगतो, लेख वाचून कोणी बर्फातला जाणकार होत नाही. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, गुलमर्गची स्कीइंगची सरकारी संस्था, इथे कोर्स होतात, जमलं तर जरूर करा. पण निदान "आज नको" म्हणता यावं आणि ते का, हे चार लोकांना समजावता यावं एवढं तरी प्रत्येक हिवाळी ट्रेकवाल्याला यायलाच पाहिजे.

आधी वादळाने काय करून ठेवलंय ते समजून घ्या

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकच गोळा नसतो, थरावर थर असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिला थोडासा बर्फ पडतो, मग आठवडेच्या आठवडे आकाश मोकळं, रात्री कडाक्याची थंडी. जमीन त्यामानाने उबदार आणि वरची हवा गोठलेली, मधे जेमतेम फूटभर बर्फ. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि तळाचे कण मोठे, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे होतात, हातात घेतले तर जाड साखरेसारखे सुळसुळ गळून जातात. मग जानेवारीत मोठं वादळ येतं आणि या कच्च्या थरावर तीन-चार फूट नवीन बर्फ टाकून जातं. वाऱ्याने दाबून दाबून हा नवीन थर एकसंध होतो, त्यालाच स्लॅब म्हणतात. वर जड स्लॅब, खाली पोकळ थर, आणि हे सगळं तिरक्या उतारावर. आता फक्त कोणीतरी जाऊन तिथे उभं राहायचं बाकी.

वजनाचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब बघा. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद उताराचा तुकडा, म्हणजे काही फार मोठा नाही, त्यावर अर्धा मीटर नवीन बर्फ. झाला 450 घनमीटर. वाऱ्याने थोडा दबलेला बर्फ घनमीटरला 150 किलो जरी धरला तरी 67 टन. हे सगळं एकदम सुटतं आणि कोरडा स्लॅब असेल तर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग सहज गाठतो. पळून जाऊ वगैरे डोक्यातून काढून टाका.

वाऱ्याचं काम तर लोक विसरतातच. ढगातून एक फूट पडला म्हणजे सगळीकडे एक फूट असं नसतं, वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो, तिथे तीन-चार फूट सहज साठतो. हे बर्फ पडायचा थांबल्यावरही चालू राहतं. स्वच्छ उन्हात शिखरावरून पांढरा धुरळा उडताना दिसतो ना, फोटोत फार भारी येतो, पण त्याचा अर्थ आडोशाच्या उतारावर अजून माल भरणं चालू आहे. वेस्टर्न डिस्टर्बन्समध्ये वारा साधारण नैऋत्येकडून-पश्चिमेकडून असतो, म्हणून पूर्व आणि ईशान्येकडे तोंड करून असलेले उतार जास्त भरतात. पण दऱ्याखोऱ्यांत वारा कसाही वळतो, त्यामुळे दिशा पाठ करण्यापेक्षा डोळ्यांनी बघा, कॉर्निस म्हणजे धारेवरचा बर्फाचा सज्जा ज्या बाजूला लोंबतोय ती भरलेली बाजू.

घरी असतानाची कामं

सगळ्यात मोठं काम तिकिटाचं आहे, हसू नका. शनिवारी समिट, रविवारी उतरायचं, सोमवारी डेहराडूनहून फ्लाईट, मंगळवारी ऑफिस, असं घट्ट बांधलेलं शेड्यूल असेल तर वादळानंतर थांबायचा निर्णय कोणीच घेत नाही, लीडर पण नाही आणि कंपनी तर मुळीच नाही. पैसे भरलेत, रजा टाकलीय, आता परत कधी येणार, हे सगळं मिळून माणसाला उतारावर ढकलतं. हिवाळी प्लॅनमध्ये दोन दिवस रिकामे ठेवा. वादळ आलंच नाही तर मनालीत नाहीतर ऋषिकेशला फिरा, कोण नाही म्हणतंय.

दुसरं काम म्हणजे जायच्या आधी दोन-तीन आठवडे तिकडचं हवामान बघत राहायचं. आयएमडीचा डोंगराळ भागाचा अंदाज, विंडीसारखं एखादं अॅप. सीझनच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून मग दीर्घ कोरडा काळ गेला असेल तर समजून चाला की तळाला कच्चा थर बसलाय आणि पुढचं पहिलं मोठं वादळ त्रासदायक ठरणार.

तिसरं, हिमस्खलनाचं बुलेटिन. आपल्याकडे हे काम डीजीआरई ही डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधनवाल्यांची, संस्था करते, चंदीगडहून. पूर्वी सासे म्हणून जी संस्था होती ती 2020 मध्ये यात विलीन झाली. त्यांचा इशारा जिल्हावार असतो आणि त्यात उंची दिलेली असते, म्हणजे अमुक जिल्ह्यात इतक्या मीटरच्या वर इतका धोका. ही उंची आपल्या कॅम्पच्या आणि वाटेच्या उंचीशी ताडून बघायची असते, नुसतं जिल्ह्याचं नाव वाचून सोडायचं नाही. जगभर वापरतात ती पट्टी 1 ते 5 अशी आहे: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिजास्त. गंमत अशी की सर्वात जास्त माणसं 5 ला मरत नाहीत, त्या दिवशी कोणी बाहेरच पडत नाही. 3 ला मरतात, कारण 3 हा आकडा मधला दिसतो आणि मधलं म्हणजे चालतंय असं आपण धरतो. बातमीत मीडियम शब्द दिसला तर तो सुरक्षित म्हणून वाचू नका.

आणि इशारा असूनही काम चालू राहिलं की काय होतं ते उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या माणा गावाजवळ दिसलं. 28 फेब्रुवारी 2025 ला तिथे बीआरओच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेच्या, 54 मजुरांच्या कॅम्पवर बर्फ आला, 46 जणांना वाचवलं, 8 गेले. चमोलीसाठी आदल्या संध्याकाळीच 2,400 मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा निघाला होता. ते बिचारे कामासाठी तिथे होते, त्यांना निवड नव्हती. आपल्याला असते.

वादळात अडकलात तर झोपून राहू नका, मोजा

तंबूत बसून मॅगी आणि पत्ते तर होणारच, पण दर तीन-चार तासांनी बाहेर येऊन बघायचं. वादळाच्या सुरुवातीलाच एखादी सपाट फळी नाहीतर सॅकचं कव्हर मोकळ्या जागेत ठेवा आणि त्यावर किती साठला ते ट्रेकिंग पोलवर खूण करून मोजत राहा. 24 तासांत 30 सेंटिमीटर आणि सोबत वारा, एवढं झालं की पुढच्या दोन दिवसांचा उघड्या उतारावरचा कार्यक्रम रद्द समजा. तासाला 2-3 सेंटिमीटरने पडत असेल तर त्याहून वाईट, खालच्या थराला ते वजन पेलायला वेळच मिळत नाही.

तापमान पण बघा. सुरुवातीला थंडी आणि भुरभुरीत बर्फ, आणि शेवटी शेवटी ऊब वाढून जड ओलसर बर्फ, म्हणजे वर जड आणि खाली हलकं, उलटा थर. थंडीतून सुरुवात होऊन थंडी वाढतच गेली तर त्यातल्या त्यात बरं. आणि रात्री समोरच्या डोंगरातून गडगडाट ऐकू आला तर वीज आहे म्हणून कुशीवर वळू नका, वेळ लिहून ठेवा, सकाळी त्या दिशेला काय तुटलंय ते बघायचं आहे.

उताराचा कोन, हे एक आलं तरी निम्मं काम झालं

स्लॅब तुटतो तो बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर, त्यात पण 38 च्या आसपास सगळ्यात जास्त. त्याहून खड्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडता पडताच घरंगळतो. 30 च्या खाली तुटायची शक्यता फार कमी. वाईट हे की 35-40 अंशांचा उतारच माणसाला चढायला, घसरायला, स्कीइंगला सगळ्यात मजेदार वाटतो. आणि डोळ्यांवर विसंबू नका, खालून बघताना उतार असतो त्यापेक्षा सपाट वाटतो, वरून बघताना खडा वाटतो.

मोजायचं कसं, तर फोनमध्ये कोन दाखवणारं फुकटचं अॅप असतं, उताराच्या बाजूला लांब उभं राहून फोनची कड त्या उताराच्या रेषेला जुळवायची. फोनची बॅटरी थंडीत कधी मान टाकेल सांगता येत नाही म्हणून पोलची पद्धत पण शिकून ठेवा. दोन्ही पोल सारख्या लांबीचे करा. एक पोल सरळ उताराच्या दिशेत बर्फावर आडवा दाबून त्याची खूण उठवा. आता पोलचं जे टोक वरच्या बाजूला आहे ते तिथेच टेकवून ठेवा आणि खालचं टोक, म्हणजे मूठ, हळूहळू वर उचला. दुसरा पोल त्या मुठीपासून ओळंब्यासारखा सरळ खाली सोडा. त्याचं टोक बरोबर खुणेच्या खालच्या शेवटाला टेकलं तर उतार 30 अंश. खुणेच्या आत टेकलं तर 30 पेक्षा कमी, खुणेच्या पुढे खाली गेलं तर जास्त, आणि दर 10 सेंटिमीटरला साधारण 3 अंश वाढवा. वाचायला किचकट वाटतं, सिंहगडाच्या वाटेवर दोनदा करून बघा, जमतं. फक्त हा प्रयोग संशयास्पद उताराच्या मधोमध उभं राहून करायचा नाही, कडेच्या लहानशा उंचवट्यावर करायचा.

नकाशावरून काढायचं तर 100 मीटर आडव्या अंतरात 58 मीटर चढ म्हणजे 30 अंश. मॅप अॅपमधले कोनानुसार रंगवलेले लेअर उपयोगी आहेत, पण आपल्याकडच्या भागाचा बराचसा फुकट मिळणारा उंचीचा डेटा 30 मीटरच्या चौकटींचा आहे, त्यात 15-20 मीटरचा छोटा खडा टप्पा गायब होतो, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो.

आता दुसरी अर्धी गोष्ट. तुम्ही 15 अंशांच्या मऊ मैदानावर चालताय पण डोक्यावर 40 अंशांचा भरलेला उतार आहे, तर तुम्ही सुरक्षित नाही, तो वरून येऊन तुमच्यावर थांबणार. बुग्याल म्हणजे डोंगरावरचं कुरण, नाल्याचं तोंड, घळीचा शेवट, या जागा बघताना नेहमी मान वर. झाडं बघा, एका सरळ पट्ट्यात झाडंच नाहीत, किंवा आहेत त्यांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या, तर तो पट्टा बर्फाची नेहमीची वाट आहे. तिथे तंबू नाही, जेवण नाही, ग्रुप फोटो तर नाहीच. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यावर 15 मैलाजवळ 7 पर्यटक हिमस्खलनात दगावले. ट्रेकर नव्हते ते, रस्त्यालगत बर्फात उतरलेली साधी माणसं.

घळ आणि नाळ, आपल्या आवडीच्या जागा, इथे सापळा असतात. उघड्या उतारावर पसरून जो बर्फ गुडघाभर साचला असता तोच अरुंद नाल्यात दोन-तीन मीटर खोल साचतो. म्हणून वाट निवडताना दोन प्रश्न, हा तुटेल का, आणि तुटला तर मला कुठे नेऊन टाकेल. खाली कडा, नाला, दगड असतील तर छोटा स्लॅब पण नको.

बाहेर पडल्यावर बर्फ स्वतः सांगतो

पाच खुणा अशा आहेत की त्यातली एक दिसली तरी खड्या उताराचा विषय संपला. आजूबाजूला, खास करून आपण जाणार त्याच दिशेच्या उतारांवर, ताजं हिमस्खलन. पाय टाकल्यावर धप्प असा दबका आवाज होऊन आसपासचा बर्फ किंचित खाली बसणं, हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, खालचा कच्चा थर कोसळल्याचा तो आवाज असतो. पायापासून किंवा स्कीच्या टोकापासून पळत गेलेली भेग. गेल्या 48 तासांत भरपूर बर्फ किंवा जोरदार वारा. आणि एकदम वाढलेली ऊब.

उबेचं थोडं सविस्तर. वादळानंतरचं पहिलं कडक ऊन दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या उतारांवर सकाळीच लागतं, बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागतात, झाडांवरून धबाधब बर्फ पडतो, पाय घोट्यापेक्षा खोल ओल्या बर्फात रुतायला लागतो. हे दिसलं की त्या उतारावरून आणि त्याच्या खालून निघून जा. मार्च-एप्रिलमध्ये तर हे रोजचंच आहे, म्हणून रात्री दोन-तीनला निघून दहा-अकराच्या आत खाली यायचं. केदारनाथ यात्रेला सुरुवातीच्या दिवसांत जाणाऱ्या आपल्या लोकांनी पण हे लक्षात ठेवावं, लिंचोलीच्या वर कुबेर आणि भैरव गदेऱ्यांच्या, म्हणजे नाल्यांच्या, पट्ट्यात वरून बर्फ येतो, तिथे पोलीस किंवा एसडीआरएफवाले, म्हणजे राज्याच्या आपत्ती दलाचे लोक, भराभर पुढे चला म्हणतात ते उगाच हाकलत नसतात.

उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांचं दुखणं वेगळं. तिथे ऊन पोचत नाही, थर लवकर चिकटत नाहीत, वरून मस्त भुरभुरीत पावडर दिसते आणि खालचा कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच. म्हणजे 48 तास थांबलो की झालं, असं पण नाही. 48 तास हे नवीन बर्फाच्या बसण्यासाठी आहेत, तळाचा साखरथर असेल तर तो घड्याळ बघत नाही.

खड्डा खणून टेस्ट करणारे व्हिडिओ बघून आता सगळेच फावडं काढतात, म्हणून तेही सांगतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि हाताने थापट्या मारायच्या, 10 मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून. लवकर तुटला आणि तुटताना पृष्ठभाग गुळगुळीत निघाला तर वाईट. दुसरी टेस्ट 90 सेंटिमीटर रुंदीच्या खांबाची, एका टोकाला थापटायचं आणि भेग दुसऱ्या टोकापर्यंत धावते का बघायचं, माझ्या मते हीच जास्त कामाची, कारण भेग पसरते का हाच खरा प्रश्न आहे. पण टेस्टचा वापर एकाच दिशेने करायचा, वाईट निघाली तर नाही जायचं. चांगली निघाली म्हणून जायचं असं नाही, कारण वीस मीटर पलीकडे थर वेगळा असू शकतो.

मग जायचं कुठे?

घरी बसा असं म्हणत नाहीये. जंगलातली दाट झाडीची वाट, रुंद सोंडेचा माथा, डोक्यावर मोठा उतार नसलेली बुग्यालं, ही वादळानंतरची जागा. दाट म्हणजे खरंच दाट, जिथून स्कीवर आरामात जाता येतं ती झाडी हिमस्खलनालाही विरळच असते. केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास या वाटांवर जंगलातल्या कॅम्पपर्यंत जाऊन यायला बहुतेक वेळा हरकत नसते, प्रश्न वर झाडं संपल्यावरचा असतो. तिथे मळलेली वाट धार सोडून उघड्या उतारावर आडवी जात असेल तर धारेवरच राहा, आणि धारेवर कॉर्निस असेल तर कडेपासून भरपूर आत. कॉर्निस आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो.

सोलांगच्या वर धुंडीकडे, अटल टनेलच्या दक्षिण तोंडाजवळ, दोन्ही बाजूंनी भरलेले उतार आणि मधे अरुंद दरी. वादळानंतर लगेच बियासकुंडच्या बाजूला निघणाऱ्यांना मी तरी नको म्हणेन, सोलांगच्या मैदानात खेळा.

गुलमर्गचं लोकांना नीट कळत नाही. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवत डोंगरावर साधारण 3,950 मीटरपर्यंत नेतो, वर उतरलात की एका बाजूला पॅट्रोलच्या, म्हणजे उतार तपासणाऱ्या पथकाच्या, देखरेखीतला भाग आणि दोरीपलीकडे मोकळा डोंगर. वादळानंतर दुसरा टप्पा बंद ठेवतात तो पॅट्रोलने तपासणी करून उतार मोकळे करेपर्यंत, त्यावर काउंटरपाशी भांडू नका. दोरीपलीकडे गेलात की ते बॅककंट्री, तिथे कोणी काही तपासलेलं नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवतच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, 22 फेब्रुवारी 2024 ला त्याच डोंगरावर एक रशियन. अनुभवी लोक होते हे. आणि अनुभवाचंच म्हणाल तर 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात नेहरू संस्थेच्या तुकडीतले 27 जण मृत सापडले आणि 2 सापडलेच नाहीत, त्यात इन्स्ट्रक्टर सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली.

चालायची पद्धत

संशयाचा पट्टा टाळता येत नसेल तर एकावेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. हे बोलायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण पंचवीस जणांची बॅच असते, मागचे कंटाळतात, थंडी वाजते आणि सगळे एकदम सुटतात. लीडरने इथे वाईटपणा घ्यायचा. शिरण्याआधी पोलचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा छातीचा बेल्ट सोडा, तोंडावर बफ ओढा, सुटायची दिशा आधी ठरवून ठेवा. आणि ग्रुपमध्ये कोणीही एकाने नको म्हटलं तर नको, त्याला कारण विचारून गप्प बसवायचं नाही. हा नियम निघण्याआधी खालीच ठरवा, वर उतारावर बहुमत घेत बसू नका.

सामान आणि गाडला गेला तर

तीन गोष्टी, प्रत्येकाकडे: बीकन म्हणजे सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी, आणि फावडं. बीकन 457 किलोहर्ट्झवर सिग्नल देतं, अंगावर जॅकेटच्या आत बांधायचं, सॅकमध्ये नाही, सॅक वाहून जाते. सेल अल्कलाइन, रिचार्जेबल नकोत. फोन आणि कॅमेरा त्याच्यापासून निदान 20 सेंटिमीटर लांब, शोधताना 50. सकाळी निघताना लीडरने उभं राहून एकेकाचं बीकन चालू आहे का तपासायचं. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं घट्ट झालेल्या बर्फावर मोडतं. गुलमर्गला हा सेट भाड्याने मिळतो, पण सराव भाड्याने मिळत नाही.

सराव का, तर वेळ नाही म्हणून. बहुतेक माणसं गारठून जात नाहीत, गुदमरून जातात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचायची शक्यता खूप चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती फार खाली गेलेली असते. सियाचीनला फेब्रुवारी 2016 मध्ये बर्फाखाली गाडले गेलेले जवान हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच चौकीतले बाकीचे नऊ जण, त्यात आपल्या साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी, गेले होते, आणि हनुमंतप्पाही पुढे काही दिवसांतच गेले. हेलिकॉप्टर यायला तास लागतात, म्हणजे वाचवणारे तुम्हीच, जे सोबत उभे आहात.

कोणी वाहून जाताना दिसला तर शेवटचा कुठे दिसला तिथे नजर खिळवून ठेवा. वरून अजून काही येणार नाही ना बघा, माणसं मोजा. बाकी सगळ्यांनी बीकन सर्चवर टाकायचं, एकाचं जरी पाठवण्यावर राहिलं तरी सगळे त्यालाच शोधत बसतात. शेवटच्या जागेपासून खाली, 40 मीटरच्या पट्ट्यांनी, डोळ्यांनी टोपी-हातमोजा पण बघत. सिग्नल मिळाला की बाणाच्या मागे, आकडा कमी होत जातो. 10 मीटरच्या आत वेग कमी, 3 मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवून आधी सरळ रेषेत आणि मग आडवं सरकवत सगळ्यात लहान आकडा शोधायचा. तिथून प्रोब उताराला काटकोनात, 25 सेंटिमीटर अंतराने गोल गोल बाहेर सरकत. लागला की प्रोब काढायचा नाही.

आता खणणं, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. प्रोबच्या वर उभं राहून विहीर खणायची नाही, खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन तिथून आडवं आत शिरायचं. पुढचा तुकडे पाडतो, मागचे बर्फ खाली ढकलतात, मिनिटा-मिनिटाला पुढचा बदलायचा. आधी डोकं, तोंड-नाक मोकळं, मग छाती. श्वास नसेल तर तिथेच सुरू करा, पूर्ण बाहेर काढायची वाट बघू नका. बाहेर काढल्यावर आडवंच ठेवा, हातपाय चोळू नका, चालवू नका, कोरडे कपडे, मॅट, स्लीपिंग बॅग.

स्वतः सापडलात तर ओरडा, पोल सोडा, स्लॅबच्या कडेकडे जायचा प्रयत्न करा, वर राहायला हातपाय मारा. वेग कमी होतोय असं वाटलं की एक हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करा, थांबल्यावर बर्फ घट्ट बसतो, मग बोट पण हलत नाही.

मदतीसाठी 112, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077, राज्याच्या 1070. पण वर रेंज नसते, म्हणून परतायची वेळ आणि वाट खाली कोणालातरी लिहून देऊन जा, आणि दुर्घटनेत पहिली अर्धापाऊण तास सगळे हात शोधायला लावा, धावत मदत आणायला माणूस नंतर पाठवा, माणसं भरपूर असतील तरच आधी. परदेशातून येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी खास सूचना, सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारी छोटी उपकरणं भारतात परवान्याशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावरच पकडतात. अमेरिकेत-युरोपात ती सगळ्यांकडे असतात म्हणून सहज सॅकला लटकवून येऊ नका.

पैसे भरण्याआधी कंपनीला हे विचारा

वादळ झालं तर वाट बदलता का, की तीच बॅच त्याच वाटेने नेता? समिट रद्द करायचा निर्णय कोणाचा, वर असलेल्या लीडरचा की ऑफिसचा? झाडीच्या वरची वाट 30 अंशांच्या खाली आहे का, नसेल तर बीकन देता का आणि पहिल्या दिवशी शोधायचा सराव घेता का? डीजीआरईचं बुलेटिन रोज कॅम्पवर पोचतं कसं, वायरलेसवर की कोणी खालून येईल तेव्हा? राखीव दिवस आहे का? समोरचा "आमच्या रूटवर आजपर्यंत काही झालेलं नाही" एवढंच म्हणत राहिला तर दुसरी कंपनी बघा, किंवा तोच ट्रेक मेमध्ये करा.